उरुग्वे एका रफारात अडकलं: देशोदेशीचे सिनेमे, नोंद ११

शनिवारी रात्री पावणेदहाला आत्याने विचारलं, “ही मार ता कोण गं?” आणि माझ्या तीन आठवड्यांच्या कामावर पाणी पडलं.

घरच्या मंडळींना मी शनिवारी देशोदेशीचे सिनेमे दाखवते, मराठी उपशीर्षकं स्वतः लिहून. मागच्या नोंदीत मी मोठ्या टेचात लिहिलं होतं की उरुग्वेचा सिनेमा तयार आहे. हुआन पाब्लो रेबेला आणि पाब्लो स्तोल या जोडगोळीचा ‘व्हिस्की’ (२००४). कान महोत्सवात त्या वर्षी ‘अन सर्टन रिगार्ड’ विभागात होता. मराठी ओळी लिहून झाल्या होत्या, वेळा जुळल्या होत्या, लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये दोनदा बघून झालं होतं. पण शनिवारी लॅपटॉप धाकटीने नेला, म्हणून पेनड्राइव्ह सरळ प्रोजेक्टरला लावला. (‘तुल्पान’ या कझाक सिनेमाच्या वेळी लॅपटॉपवरून एचडीएमआय केबल टाकली होती, म्हणून तेव्हा हे कळलंच नाही.) प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरने देवनागरीचं जे काही केलं ते बघवत नव्हतं. पहिल्या वेलांट्या अक्षरानंतर. रफार खाली उतरून सुटा, पायमोडका ‘र्’. ‘दुसऱ्या दिवशी’मधला ‘ऱ्या’ तर तीन तुकड्यांत. आईने चष्मा पुसला, वरच्या मजल्यावरच्या काकांनी प्रोजेक्टर पुसला. वीस मिनिटांनी मी बंद केलं आणि सगळ्यांना कॉफी दिली.

कारण तुम्हाला ठाऊक असेल, नवीन मंडळींसाठी थोडक्यात. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात. ‘कि’मध्ये आधी क, मग वेलांटी. पडद्यावर काढताना वेलांटी उचलून आधी ठेवायची आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हे काम वेगळं करावं लागतं. हार्फबझसारखं इंजिन ते करतं, स्वस्तातले प्लेअर करत नाहीत. पेनड्राइव्हवरून दाखवायचं तर उपाय एकच: नुसती एसआरटी (उपशीर्षकांची सुटी फाइल) देऊन चालणार नाही, ओळी चित्रातच भाजून काढायच्या. एजिसब या उपशीर्षकांच्या प्रोग्रॅममध्ये एएसएस (फाँट-रंगासकटची उपशीर्षक-फाइल) केली, ती चित्रात भाजायला एफएफएमपेग या प्रोग्रॅमला दिली, फाँट ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’. रात्रभर लॅपटॉप विमानासारखा घोंघावला, पण सकाळी रफार डोक्यावर होता. मुक्तबद्दल पुन्हा एकदा सांगते: लांबून वाचायला याच्याइतका स्वच्छ फाँट मला दुसरा सापडलेला नाही. आणि देवनागरी तिरपी करू नका हो. फोनवरचा आवाज दाखवायला इटालिक हा रोमन लिपीचा रिवाज आहे, आपली अक्षरं त्यात दारू प्यायल्यासारखी दिसतात.

सबटायटल एडिट या उपशीर्षकं लिहायच्या प्रोग्रॅमवर माझा जीव आहे, पण एक तक्रार. ओळ लांब झाली की तो लाल करतो, आणि ‘दुसऱ्या’ या शब्दाची साधी मोजणी ७ भरते. वाचणाऱ्याच्या डोळ्याला ती ३ अक्षरं. एका ओळीला ४२ची मर्यादा आंधळेपणाने पाळली तर मराठी वाक्याचं तारेतलं वाक्य होतं. मी लाल रंगाकडे बघायचंच सोडलं आहे, घड्याळ लावून आईला वाचायला लावते.

पण खरी गोची ही नव्हेच. खरी गोची त्या मार्ताची.

गोष्ट आठवत असेल. माँटेव्हिडिओत हाकोबोचा मोज्यांचा जुनाट कारखाना, तिथे मार्ता कामाला. हाकोबोचा भाऊ ब्राझीलहून यायचा असतो, आणि त्याच्यासमोर एकटेपणाची लाज नको म्हणून हाकोबो मार्ताला चार दिवस बायको व्हायला सांगतो. फोटो काढताना ओठ फाकावेत म्हणून ‘व्हिस्की’ म्हणायचं, त्यावरून नाव. कॅमेरा जागचा हलत नाही. दोन माणसं, मध्ये मशीन, वर ट्यूबलाइट.

या मार्ताला एक कला येते. ती शब्द उलटे बोलते, सहज, न अडखळता. तिच्याजवळ काहीतरी आहे हे प्रेक्षकाला कळायची ती जागा आहे, त्यामुळे ओळ गाळून चालत नाही. रोमन लिपीत सोपं: अक्षरं उलट लिहिली की झालं. मीही तेच केलं. मार्ताचं स्पेलिंग उलटं केलं, आलं ‘आत्राम’. आत्या म्हणाली, “म्हणजे गडचिरोलीचे का?” झालं! आमच्याकडे आत्राम म्हटलं की अहेरी आठवणार, मार्ता कशाला आठवेल?

मग च-ची भाषा करून पाहिली. शाळेत सगळ्यांनी बोललेली, ओळखीची, गंमतही येते. पण ती गुप्त भाषा आहे, उलटी नव्हे. शिवाय काही शब्दांत भलतीकडे जाते, हे ज्यांनी वर्गात मार खाल्ला आहे त्यांना सांगायला नको.

चार दिवस असेच गेले. बुधवारी भाजी चिरताना डोक्यात ‘चिमा काय कामाची’ आलं. मग ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’. आपण लहानपणापासून उलटं वाचतो ते अक्षराअक्षराने, काना-मात्रा ज्याची त्याच्यापाशी ठेवून. म्हणजे ‘मोजे’ उलटे ‘जेमो’, ‘कारखाना’ उलटा ‘नाखारका’. हाकोबो होतो ‘बोकोहा’, आणि त्यात बोका दिसतो हा फुकटचा बोनस.

पण मार्ता? ‘मा’ आणि ‘र्ता’. उलट केलं की ‘र्तामा’. रफाराने शब्द सुरू होऊच शकत नाही, जीभच वळत नाही. पुन्हा अडलं. कागदावर बारा-पंधरा वेळा लिहिलं, खोडलं. तिचं नाव बदलून मारिया करावं इथपर्यंत आले होते. आणि मग आत्याचं वाक्य आठवलं: ही मार ता कोण? प्रोजेक्टरने रफार तोडून ठेवला होता तोच तोडायचा होता! मा-र-ता. उलट: तारमा. आत्याला चिठ्ठी लिहून दाखवली. तिने दोन सेकंदांत वाचलं, “मारता. म्हणजे तुझी ती मार्ताच ना?” ज्या भंगार प्लेअरला मी शिव्या घातल्या त्यानेच उत्तर आठवडाभर आधी भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

आता नियम असा ठरला: रफार तोडायचा, बाकी जोडाक्षरं उच्चारता आली तर ठेवायची (‘उद्या’चं ‘द्याउ’ चालतं), आणि उलट्या ओळी पिवळ्या रंगात.

हे सोडवताना दुसरंच एक घबाड हाती लागलं. माझं काम इंग्रजी उपशीर्षकांवरून, तिथे सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत मार्ता हाकोबोला कामावर ‘साहेब, तुम्ही’ म्हणणार. बायकोचं सोंग घेतल्यावर, त्या वयाची बाई म्हणून, ‘अहो, तुम्ही’. म्हणजे तिचं क्रियापद बदलतच नाही! कामगार ते बायको हा सगळा प्रवास मराठीत फक्त ‘साहेब’ ते ‘अहो’. बदलावं लागतं ते त्याला. ‘मार्ताबाई, तुम्ही’वरून ‘तू’वर यायचं. मी त्याचा पहिला ‘तू’ भाऊ घरात शिरल्यावर ठेवला होता. आता हे लिहितानाच वाटतंय की चुकलं. हा माणूस सोंगातही ‘तू’ म्हणायला कचरेल. दोघंच खोलीत असताना त्याने पुन्हा ‘तुम्ही’वर यावं का? स्पॅनिशमध्ये आदराचं ‘उस्तेद’ आहे आणि माँटेव्हिडिओकडे जवळिकीचं ‘वोस’. तेव्हा आता आवाज मोठा करून, मराठी ओळी बंद ठेवून, नुसते हे दोन शब्द टिपत पूर्ण सिनेमा ऐकायचा. येत्या शनिवारचा खेळ रद्द, एक आठवडा पुढे.

एक छोटी अडचण पटकन सुटली. भाऊ येतो तो आईच्या कबरीवर दगड बसवायच्या ज्यू विधीसाठी, ती गेल्याला वर्ष झाल्यावर. पहिल्या खर्ड्यात मी ‘वर्षश्राद्ध’ लिहिलं होतं. आई म्हणाली, मग पिंड कुठे आहेत? काढलं. ‘आईचा दगड बसवायचाय’ इतकंच ठेवलं. आणि ज्यू कुटुंबाच्या तोंडी मराठी विचित्र वाटेल असं ज्यांनी मागे कळवलं होतं त्यांना एवढंच, की अलिबागकडच्या बेने इस्रायलींच्या घरात पिढ्यानपिढ्या मराठीच बोलली गेली आहे.

रद्द झालेल्या शनिवारी घरची मंडळी गप्प बसणार नाहीत. आत्या गिरगावात असताना प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीची सभासद होती, खेळ रद्द हा शब्द तिला चालत नाही. म्हणून सेनेगल पुढे ओढते: जिब्रिल जोप माम्बेतीचा ‘सूर्य विकणारी पोर’ (१९९९). फक्त ४५ मिनिटं, वोलोफ भाषा, डाकारच्या रस्त्यावर कुबड्या घेऊन ‘ल सोलेय’ हे वर्तमानपत्र विकणारी सिली नावाची मुलगी. सोलेय म्हणजे सूर्य. माम्बेती १९९८ मध्ये गेला, सिनेमा त्याच्या मागे आला. वर्तमानपत्र विकायचं काम फक्त मुलग्यांचं असं समजणाऱ्या टोळक्यासमोर ती ज्या मानेने उभी राहते, ती बघा. ज्यांना ‘याबा’ या बुर्किना फासोच्या सिनेमातली म्हातारी साना आवडली त्यांना हा आवडेलच. त्यात ‘याबा’ला आपण सरळ ‘आजी’ म्हटलं होतं, इथे अडचण उलटी आहे. पेपरचं नाव ‘ल सोलेय’ ठेवलं तर शीर्षकातली गंमत जाते, आणि ‘सूर्य’ केलं तर तो नाशिकचा पेपर वाटतो.

‘व्हिस्की’ची एक ओळ अजून मोकळी ठेवली आहे. कारखान्यातून संध्याकाळी निघताना मार्ता म्हणते, उद्या भेटू, देवाच्या मनात असेल तर. पहिल्यांदा मी नुसतं ‘येते’ लिहिलं, कारण आपल्याकडे निघताना ‘जाते’ कोणी म्हणत नाही. पण शेवट ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल की त्या ‘येते’ला तिथे वेगळीच धार येते आणि मी दिग्दर्शकांपेक्षा जास्त बोलून जाते. सध्या दोन फायली करून ठेवल्या आहेत, एकीत ‘येते’, एकीत ‘देवाच्या मनात असेल तर’. आत्याला कुठली दाखवायची ते प्रोजेक्टर लावताना ठरवीन, लॅपटॉपवरूनच.