दाजी म्हणाले, "रिकामी हाये"

माझं दुकान आर्वी रोडला, काम फवारणी पंपांचं. पोळा होऊन आठ दिवस झाले होते. पावसानं उघाड दिली होती आणि कपाशीवर फवारणीची घाई, म्हणून सकाळपासून दारात पंपच पंप. वायसर बदला, लान्स (फवारायची दांडी) मोकळा करा, नळी बांधा. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून गळका पंप मी "तेवढं चालते ना" म्हणून परत देत नाही. त्यामुळे माझ्याकडे वेळ लागतो आणि लोक बोलतात.

त्या गर्दीत गुरुजी आले, रिटायर मास्तर. सोबत नववीतली नात आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. चादर उघडली तर छर्ऱ्याची बंदूक.

"गुरुजी, हे माह्यं काम नोहे."

"पंपच आहे रे," गुरुजी म्हणाले आणि बंदुकीचं पुढचं लाकूड धरून खाली ओढलं. ते बिजागरीवर उघडलं, आतून दट्ट्याचा दांडा दिसला. मिटताना मात्र फस्स. हवा धरतच नव्हती.

खरंच पंप होता. पाठीवरच्या पंपाचा दांडा हाणला की आतल्या दाबकोठीत दाब भरतो, तसंच. फरक एवढाच की आपला पंप तो दाब हळूहळू सोडतो आणि ही भरलेली सगळी हवा एका बारात सोडून देते. अशा बंदुका अमेरिकेत फार जुन्या. क्रॉसमनची ७६० ही १९६६ पासून विकली जाते, डेझीची ८८० सत्तरच्या दशकातली. दोन्ही स्वस्तातल्या, दोन्हींत शिशाचा छर्राही चालतो आणि लोखंडी गोळीही, दोन्हींना एका बाराला दहा पंपांची हद्द. हे सगळं गुरुजींनीच सांगितलं. बंदूक घेण्याआधी वही करणारा माणूस.

पिस्टन बाहेर काढला. ओ-रिंग फुगून मऊ झाली होती, नखानं दाबली की खूण राहत होती. नातीनं कबूल केलं, गंज सोडवायचा स्प्रे आत मारला होता. तो स्प्रे पान्याला ठीक, रबराला विष. माझ्या डब्यात त्या मापाची रिंग सापडली. साध्या तेलाचा एक थेंब दिला, जुळवली, दोन पंप मारले. धरली हवा.

तेवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे संत्र्याच्या बागेवाले. माझ्या मोठ्या बहिणीच्या सासरचे म्हणून दाजी, बाकी सगळ्या गावाचेही दाजीच. त्यांच्या हातात तशीच एक बंदूक, पण हलकी, सगळी प्लास्टिकची.

"हे पाय, पंधरा पंप मारले तरी गोळी फुस्सकन पडते. दीड क्विंटल कापसाचे पैसे पान्यात गेले!"

"आत काही आहे का?"

"रिकामी हाये. चालवून आनली ना."

माझा एक नियम आहे. पंप कुणाचाही असो, तोंड माणसांपासून दूर करून आधी दाब काढायचा. दुकानामागे रेतीची पोती रचलेली होती. तिकडे नळी केली, गोळी चढवायचा खटका मागे ओढून पुढे सारला, घोडा दाबला. फाट! पोत्यातून रेतीची बारीक धार लागली. दाजींचा हात तोवर नळीच्या पुढे यायच्या बेतात होता, "इथं पाय" म्हणून काही दाखवायला. दुकानात कुणी काही बोललं नाही.

बिघाड काहीच नव्हता. दहाच्या वर पंप मारले की आतला दाब इतका वाढतो की हातोडीच्या ठोक्यानं झडप पुरती उघडत नाही. थोडी हवा सुटते, गोळी फुस्स होते आणि बाकीची हवा आत तशीच. खटका ओढताना कोठीतली पुढची लोखंडी गोळी आपोआप चढली होती. माणसाला वाटतं बंदूक मेली. ती भरलेली असते.

मग चहा झाला आणि वाद निघाला, कोणती चांगली. पंप बाजूला पडले, शेतकऱ्यांनीही बसून घेतलं. दुकानामागे दहा मीटर मोजून रेतीच्या पोत्यांपुढे रद्दीनं भरलेलं खोकं ठेवलं. लोखंडी गोळ्या मी आधीच काढून घेतल्या. त्या कडक जागी लागल्या की उसळून परत येतात आणि माझ्या अंगणात सिमेंटचा खांब आहे.

पोरीनं दोन्ही चालवल्या. दाजींची पंप मारायला हलकी, पण दर वेळी दांडा ओढताना नळीच किंचित हलायची आणि मागची माशी प्लास्टिकची, बोटानं डुलणारी. पाच छर्रे चहाच्या बशीएवढ्या जागेत पसरले. गुरुजींची जड. आठव्या पंपाला पोरीला ती मांडीवर टेकवावी लागली. दहा पंप मारून नेम धरला तर धाप लागलेली, नळी वरखाली. पाच पंपांवर मात्र पाचही छर्रे दहाच्या नाण्याखाली झाकले गेले. शिवाय पंप वाढवले की छर्रा वर लागतो, म्हणून आकडा एकच ठरवायचा. नळी मोडून ताणायच्या स्प्रिंगवाल्या बंदुकीत ही मोजदाद नसते, पण ती झटका देते आणि नवख्याचा हात बिघडवते. हिला झटका नाहीच.

पोरीला पुढं स्पर्धेत जायचंय. तिथं दहा मीटरवरच्या कागदाचं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्यासाठी ही बंदूक नाही, हे तिलाही माहीत आहे. हात बसायला मात्र पुरते.

दाजींना स्पर्धेशी घेणंदेणं नव्हतं. "मले त वानेर हाकलाचे हायेत."

गुरुजी भडकले. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली म्हणून हिला लायसन लागत नाही, पण वानराला मारली की वन खात्याची केस, हे त्यांनी शाळेतल्या आवाजात सांगितलं. मी कायद्यात गेलो नाही. एवढंच म्हणालो, "दाजी, डोळा फुटलेलं वानेर बागेतच बसून राहते. पाहावते का तुम्हाले?"

दाजी गप्प. मग पोरीकडे वळले. "पाच पंप म्हनते ना तू? दे, मी हानून देतो." त्यांनी मोठ्यानं मोजत पाच पंप मारले, नळी पोत्यांकडे ठेवून बंदूक तिच्या हातात दिली आणि तिच्या मागं जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी हिशोब पाहिला तर कामावरच्या पोरानं वहीत लिहून ठेवलं होतं: फवारणी पंप, नग २, एक वायसर.