रडणारच की!

"आजी, देव असून हा रडायचा काय?" खानापूरच्या आमच्या घरात नाताळचा गोठा, म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा, मांडताना भाचीने विचारले. मूठभर पिंजर (पेंढा) सारखे करीत आई म्हणाली, "रडणारच की गे. भूक लागली की कुठलं बाळ रडत नाही?"

ते उत्तर दिवसभर माझ्या मनात घोळत राहिले.

येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, असे इ.स. 451 मध्ये खाल्किदोन येथील ख्रिस्ती धर्मपरिषदेने ठामपणे मांडले, आणि देहधारणावरच्या, म्हणजे देव मनुष्य झाला यावरच्या, प्रवचनांतून आम्ही ते ऐकतही आलो. तरी त्या मनुष्यत्वात भूक आली, शोमरोन प्रांतातल्या विहिरीपाशी बसायला लावणारा थकवा आला, मित्र लाजराच्या कबरेजवळचे अश्रू आले, हे आम्ही किती मनापासून धरतो? मला तर याहून मोठा दिलासा ठाऊक नाही. शिवाय तो देह त्याने पुढे टाकूनही दिला नाही; पुनरुत्थानानंतर, म्हणजे मरणातून उठल्यावर, शिष्य थोमासमोर तो खिळ्यांच्या जखमांसह उभा राहिला.

असे असताना मळणीने धरलेली कंबर किंवा आजारपणातली हतबलता प्रार्थनेत सांगायला आम्हांला क्षुल्लक का वाटते?