टाचा आपटायची गंमत

आज साडेसहालाच बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवनच्या बागेत पोचले. जुन्या सायप्रसखाली दहाबारा आज्या-आजोबा बादुआनजिन हा आठ हालचालींचा चिनी व्यायाम करत होते, मी गुपचूप शेवटच्या रांगेत घुसले. नाव सोंग राजवटीपासूनचं, अर्थ साधारण ‘जरीच्या कापडाचे आठ तुकडे’. पहिले सात कसेबसे उरकले. खरी मजा आठव्यात: टाचा उचलायच्या, क्षणभर थांबायचं, धप्पकन सोडायच्या. सात वेळा.

मी आपली जोर लावून आपटतेय! शेजारच्या आजींनी माझे खांदे खाली दाबले, मग स्वतःच्या बेंबीखाली तीन बोटं टेकवून म्हणाल्या, “दानथ्येन.” ताओ साधनेत ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, साठवायची जागा ती. खांदे सोडले, गुडघे सैल केले, तर पाचव्या धक्क्याला हादरा टाचेतून कण्यात आणि थेट दातांपर्यंत. पुढचे दोन मी केलेच नाहीत, झाले. जात्याला लय सापडली की खुंटा ओढावा लागत नाही, तसं. बेंबीखाली ऊबही वाटली. ती ‘ची’ होती की सकाळपासूनची भूक, देव जाणे.

आजींनी थर्मासमधलं गरम पाणी पुढे केलं.

आत्ता मेट्रोत उभी आहे. टाचा उचलतेय. समोरचा माणूस बघतोय.