फुकुशिमाचा तांदूळ आणि शंभरचा आकडा

आमच्याकडे फुकुशिमाचा तांदूळ येतो हे कळल्यावर पुण्याची मावशी म्हणाली, "अगं, तिकडे दुसरा मिळत नाही का?" मिळतो की. पण हा चवीला उत्तम, आणि जपानात याच्याइतका तपासलेला तांदूळ क्वचितच असेल.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रात दुर्घटना झाली. त्यानंतर जपान सरकारने अन्नात उतरणाऱ्या सीझियम या किरणोत्सारी द्रव्याला घाईघाईने मर्यादा घातली : किलोमागे ५०० बेक्वेरेल (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). १ एप्रिल २०१२ पासून ती १०० वर आणली. दूध आणि बाळांच्या खाण्याला ५०, पिण्याच्या पाण्याला १०. अमेरिकेत हीच मर्यादा १२०० आहे! जपानने हिशेब मांडला तो अन्नातून वर्षाला फार तर १ मिलिसिव्हर्टचा (मिलिसिव्हर्ट हे शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराच्या डोसचं माप), आणि त्यात लोकांच्या ताटातलं निम्मं अन्न दूषितच असणार असं गृहीत धरलं. प्रत्यक्षात १०० बेक्वेरेलवाला तांदूळ पाऊणशे किलो खावा, तेव्हा कुठे टोकियो-न्यूयॉर्क विमानप्रवास जाऊन-येऊन करण्याइतका डोस होतो.

गंमत म्हणजे ५०० सुद्धा सुरक्षितच होतं, फक्त लोकांना आणखी निर्धास्त वाटावं म्हणून १०० केलं, असं सरकारनेच जाहीर केलं. यावर आयांनी काय म्हणावं? "सुरक्षित होतं तर बदललं कशाला?" काही सुपरमार्केटांनी मग स्वतःची आणखी कडक मर्यादा लावली.

आया अडाणी आणि शास्त्रज्ञ शहाणे, असा सरळ मामला मात्र नव्हता. एप्रिल २०११ मध्ये शाळांच्या मैदानांसाठी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट हा निकष ठरला. आंतरराष्ट्रीय शिफारशींच्या चौकटीत तो बसत होता. तरी पंतप्रधानांचे सल्लागार, टोकियो विद्यापीठाचे किरणोत्सार-सुरक्षेचे प्राध्यापक तोशिसो कोसाको यांनी पत्रकारांसमोर रडत राजीनामा दिला. लहान मुलांना हा आकडा लावणं त्यांना मान्य नव्हतं. पालक तर मंत्रालयाच्या दारात जाऊन उभे राहिले. महिन्याभरात शाळांसाठी १ मिलिसिव्हर्टचं उद्दिष्ट आलं. अमुक डोसला अमुक धोका, इथवर शास्त्र सांगतं. त्यातला किती माझ्या लेकराने सोसायचा, हे कुठल्या यंत्रावर दिसणार?

फुकुशिमाने २०१२ पासून तांदळाचं प्रत्येक पोतं तपासलं. तीस किलोचं पोतं पट्ट्यावरून यंत्राखाली सरकायचं, पास झालं की क्रमांकाचं स्टिकर लागायचं. वर्षाला सुमारे एक कोटी पोती! २०१५ च्या पिकापासून एकही पोतं शंभरच्या वर गेलं नाही, तरी ही तपासणी पुढची काही वर्षं चालूच होती. २०२० पासून बहुतेक भागात नमुन्यांवर भागवतात. संख्याशास्त्र शिकलेला कोणीही याला उधळपट्टी म्हणेल. मला ती पटते. मर्यादा पाचपट खाली आणून जो विश्वास मिळाला नाही, तो या पोत्यांनी थोडा तरी मिळवला.

देशाबाहेर तेवढंही जमलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये फुकुशिमाच्या अणुकेंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली. त्यात उरणाऱ्या ट्रिटियमची (किरणोत्सारी हायड्रोजनची) मर्यादा लिटरला १५०० बेक्वेरेल. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यातही १०,००० पर्यंत चालवून घेते. चीनने त्याच दिवशी जपानची सगळी मासळी बंद केली.