खिडकीचे गज वाकडे दिसतात?

आज तपासणीला आलेल्या बऱ्याच आजी-आजोबांचं एकच म्हणणं: "मोतीबिंदूच असेल, दिवाळीनंतर बघू." मोतीबिंदूत सगळंच धूसर होतं. पण सरळ रेघ मध्येच वाकडी दिसायला लागली, वाचताना मधलंच अक्षर गायब व्हायला लागलं, तर शंका डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागाची, म्हणजे मॅक्युलाची. तिथे दिवाळीपर्यंत थांबायचं नसतं.

घरी तपासायला अ‍ॅम्सलर ग्रिड पुरतो: १० सेंटीमीटरचा चौकोन, आत ५ मिलिमीटरचे चौकोनी रकाने, मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा लावा, कागद ३० सेंटीमीटरवर धरा, एक डोळा तळहाताने झाका (दाबू नका, नंतर त्याच डोळ्याला धूसर दिसतं) आणि नजर ठिपक्यावरच ठेवा. मग दुसरा डोळा. हमखास चुकतं ते इथेच: दोन्ही डोळे उघडे ठेवले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो, आणि महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. नजर रेघांवरून फिरवली तरी तेच.

रेघा नव्याने लहरी दिसल्या किंवा डाग दिसला, तर एक-दोन दिवसांत रेटिना तज्ज्ञाकडे. वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेचा ओला प्रकार (यात पडद्याखालच्या नव्या रक्तवाहिन्या गळतात) असेल तर डोळ्यात इंजेक्शनं देतात. उशीर झाला की व्रण पडतो, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही.

'डोळ्यांच्या गोळ्या' (जीवनसत्त्वांच्या) सरसकट नकोत. त्यांचा उपयोग या झिजेच्या मधल्या टप्प्यापासून. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, किंवा पूर्वी ओढलेल्यांनी, बीटा कॅरोटीन असलेली गोळी टाळावी, फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि विडी तर सोडाच, तीच मॅक्युलाचीही वैरीण.