एका वडिलांचा राजीनामा

पाळकाचा, म्हणजे ख्रिस्ती मंडळी सांभाळणाऱ्या धर्मसेवकाचा, वेळ मुख्यतः उपदेश करण्यात जातो, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरे तर तो ऐकण्यात जातो, आणि मनात सलणारी गोष्ट माणसे बहुधा अगदी शेवटी, निरोप घेताना दाराशी थांबून सांगतात. त्यामुळे कोणी भेटून निघाले, की मी त्यांना दारापर्यंत सोडायला मुद्दाम जातो.

त्या दिवशी मात्र आमच्या मंडळीतील एक वडील, म्हणजे मंडळीच्या कामाची जबाबदारी असलेले ज्येष्ठ सभासद, खुर्चीवर बसताक्षणीच विषयाला आले. उपासनेतील मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना गेली अठरा वर्षे तेच करीत आले आहेत. आजारी, शोकग्रस्त, बेकार अशा प्रत्येकाचे नाव ते आठवणीने घेतात. त्यांनी राजीनाम्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. "पाळकसाहेब, आठ महिने झाले, मी शब्द उच्चारतो, पण पलीकडे कोणी ऐकत आहे असे वाटत नाही. 'आमेन' म्हणताना खोटी साक्ष दिल्यासारखे होते. मंडळीला मी आणखी फसवू शकत नाही."

अशा वेळी मी पापाविषयी विचारीत नाही. आधी झोपेविषयी आणि जेवणाविषयी विचारतो. बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोध करीत नाही. तो त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी देतो, मधल्या वेळात झोपू देतो, आणि त्यानंतरच होरेब डोंगराची वाट सुरू होते. या वडिलांची झोप बरी होती, भूक होती, कामात लक्ष लागत होते, नातवंडांत मन रमत होते. मरणाचे विचारही येत नव्हते, हे मी स्पष्टपणे विचारून घेतले. तसे नसते, तर मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले असते आणि त्यात विश्वासाची काही उणीव मानली नसती. आत्मिक कोरडेपणा आणि नैराश्याचा आजार यांतला फरक ओळखणे हे आमच्या कामातले सर्वांत नाजूक कौशल्य आहे, आणि माझ्या प्रशिक्षणात त्यासाठी जेमतेम काही तास मिळाले होते, याची मला आजही खंत वाटते.

माझ्याआधी त्यांनी दोघांजवळ मन मोकळे केले होते. एकाने 'एखादे गुप्त पाप राहिले असेल, ते शोधा' असे सुचवले, दुसऱ्याने उपास वाढवायला सांगितले. दोघेही सद्भावनेने बोलले, तरीही मला त्यांचा राग आला. बायबलमधील ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांचीही समजूत अशीच होती, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. तक्रार करणारा ईयोब आपल्याविषयी यथार्थ बोलला, असे तो सांगतो.

मी बायबलमधील स्तोत्र ८८ उघडून मोठ्याने वाचले. इतर विलापगीते बहुधा शेवटी आशेकडे किंवा स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच काळोख असा आहे. तरीही ते 'माझ्या उद्धारक देवा' या हाकेने सुरू होते, आणि मथळ्यावरून ते मुख्य गवयाकडे, म्हणजे सर्वांनी मिळून करायच्या उपासनेसाठी सोपवलेले दिसते. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याचकडे ती घेऊन जाणे, याला मी विश्वास म्हणतो, आणि तसे मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे आपल्या उपासनेत कधीच वाचलेले मला आठवत नाही." वाचनाचे उतारे मीच निवडतो. ते बोलणे मला लागले, कारण ते खरे होते.

राजीनामा मी घेतला नाही. प्रार्थना चालवण्याच्या जबाबदारीतून मात्र त्यांना मोकळे केले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उघडून खाटेसह खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या स्वतःच्या विश्वासाविषयी एक शब्दही नाही. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असे तेथे म्हटले आहे. "काही काळ खाट आम्ही उचलतो, तुम्ही फक्त येऊन बसा," असे मी म्हणालो. "आणि काहीच परतून आले नाही तर?" त्यांनी विचारले. पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, हे रोमकरांस पत्रातील वचन माझ्या ओठांवर होते, पण त्या क्षणी ते उच्चारणे म्हणजे त्यांचा प्रश्न मिटवून टाकणे झाले असते. म्हणून मी ते उच्चारले नाही.

दाराशी ते थांबलेच. "पाळकसाहेब, तुम्हाला तरी तो जवळ असल्याचे जाणवते का?" मी म्हणालो, "नेहमी नाही. पुष्कळदा नाहीच. तरी मी त्याच्याशीच बोलतो."

त्यानंतर सहा रविवार झाले. ते एकदाही चुकले नाहीत. मंडळी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणू लागते तेव्हा ते सर्वांबरोबर उभे राहतात, ओठ मात्र मिटलेले असतात, आणि 'आमच्या' हा शब्द उच्चारताना मी त्यांना त्यात धरतो. दाराशी दिलेल्या त्या उत्तराने त्यांना आधार मिळाला, की उरलासुरला आधारही मी काढून घेतला, हे त्यांना विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.