सायबाच्या वाटेवर

सावंतवाडी ते जुने गोवे, सुमारे ६५ किलोमीटर. ३ डिसेंबरच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरांच्या, फेस्ताला (सणाला) पोचायचं म्हणून आम्ही वीसेक जण १ तारखेला पहाटे चारला निघालो. बहुतेकांचा काही ना काही नवस होता. माझा नव्हता. मनावर एक ओझं होतं आणि ते घेऊन घरात बसवेना, म्हणून मी निघाले.

माझा नवरा बोटीवर असतो. गेल्या पावसाळ्यात शाळेतल्या एका मित्राचा मेसेज आला, जुन्या गोष्टी निघाल्या आणि मग रोज रात्री दहाला गप्पा सुरू झाल्या. जेवलीस का, आज गप्प का, असं विचारणारं कुणीतरी मिळालं होतं. भेट एकदाही झाली नाही, हेच मी स्वतःला सांगत राहिले. पण त्याचा नंबर मी फोनमध्ये एका मैत्रिणीच्या नावानं ठेवला होता. खरं तर ते नाव टाकलं त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. मोह म्हटलं की बायबलातला साप डोळ्यांसमोर येतो. माझ्याकडे तो विचारपूस करत आला.

वाटेत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालूच असतो. माळेतल्या दहा मण्यांच्या प्रत्येक दशकाच्या आरंभी 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना, म्हणजे एका तेर्सात पाच वेळा आपण मोहात पडू देऊ नको म्हणून विनवतो. बांदा सोडल्यावर हमरस्त्याच्या कडेनं, ट्रकच्या धुरात, त्या ओळीवर आला की माझा आवाज बसायचा.

धारगळला टाचेला मोठा फोड आला. सोबतच्या मावशींनी सुई मेणबत्तीवर धरली, दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. "कातडी काढू नको गो. आतला पाणी हळूहळू जाऊंदे." त्यांच्या मांडीवर पाय, आणि मला रडू फुटलं. तिथेच सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. मावशींनी उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "घोवाक म्हायत आसा?" मी मान हलवली, नाही.

दुसऱ्या रात्री पर्वरीत टेकलो तेव्हा फादरांनी संत फ्रान्सिस झेवियरांविषयी सांगितलं. १५४२ साली ते गोव्यात आले आणि पुढे बेटाबेटांवर फिरत राहिले. सोबत्यांची पत्रं पोचायला वर्षं लागायची. १५४६मध्ये आंबोन बेटावरून त्यांनी लिहिलं, की तुमच्या पत्रांतली तुम्ही सही केलेली नावं मी कापून घेतली आहेत आणि माझ्या व्रताच्या कागदासोबत ती कायम जवळ बाळगतो. मी उठून बाजूला गेले. मन राखायचं म्हणजे ते आवळून धरायचं, असं मी समजत होते. हा संत तर ज्यांना शब्द दिला त्यांची नावं अंगावर वागवत होता, आणि मी फोनमध्ये खोटं नाव वागवत होते.

रायबंदरच्या लांबलचक बांधावर उजाडलं. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेली मिठागरं. फोन वाजला. 'पोचलीस? पाय जप.' बायबलातल्या नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायातला क्रम आठवला: आधी अंतःकरण जपायचं, मग तोंड, मग डोळे, आणि पाय सगळ्यात शेवटी. मी त्याला लिहिलं, की हे मी नवऱ्यापासून लपवत होते, आता पुढे बोलणार नाही. नंबर ब्लॉक केला. हात थरथरत होते, आणि खरं सांगते, वाईटही वाटलं. तो माणूस वाईट नव्हता.

जुन्या गोव्यात कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, लांब रांग होती. माझं बोलणं दोन मिनिटांत संपलं. कित्येक महिने जे गिळत होते ते एवढंसंच होतं. मग बॉम जेझूच्या चर्चमध्ये शिरले. गर्दी मागून ढकलत असते, वर सायबाचं शव ठेवलेली चांदीची पेटी दिसते न दिसते तोच पुढे सरकावं लागतं. तेवढ्यात नवऱ्याचं नाव घेतलं, एवढंच.

बाहेर आवारात बसून त्याला आवाजी मेसेज केला. घरी आलास की तुला काही सांगायचं आहे, सगळं सांगणार आहे, आणि मी वाट बघतेय. बोट भर समुद्रात होती. सावंतवाडीला पोचेपर्यंत मेसेजपुढे एकच टिक होती.